बोलण्याच्या पोटातले बोलणे

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्याकडे एक नव्या तऱ्हेचे सरकारी काम आले. तेव्हाचा चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. जमिनीची मोजणी आधीच होऊन गेली होती, मेजर ल्युसी स्मिथ यांचा जमाबंदी अहवाल १८६९ चा. जंगलाच्या हद्दी आखल्या जात होत्या. आता भाषा मोजायच्या होत्या. जिल्ह्यात कोणत्या बोली बोलल्या जातात त्याची यादी करायची आणि प्रत्येक बोलीचे तीन नमुने पाठवायचे, असा हुकूम होता.

तिसरा नमुना सगळ्यांत सोपा. शब्दांची आणि छोट्या वाक्यांची ठरीव यादी होती, ती फक्त भरायची. सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी १८६६ मध्ये केलेल्या यादीवर ती बेतलेली होती. हेच कॅम्पबेल पुढच्या वर्षी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर झाले. दुसरा नमुना म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलेली एखादी लोककथा किंवा हकीगत. आणि पहिला नमुना साऱ्या हिंदुस्थानाला एकच: बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट, प्रत्येकाने आपल्या बोलीत सांगायची.

या उपक्रमामागचा माणूस जॉर्ज अब्राहम ग्रीअर्सन. १८५१ साली डब्लिनजवळ जन्मलेला, बंगाल-बिहारात नोकरी केलेला आयसीएस अधिकारी. १८८६ मध्ये व्हिएन्नाला प्राच्यविद्या परिषद भरली, तिने हिंदुस्थान सरकारला भाषांची पाहणी करण्याची विनंती केली, १८९४ मध्ये काम सुरू झाले आणि १९२८ मध्ये संपले. ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ची हिशेबाची ओळ आजही सगळीकडे सांगितली जाते: १७९ भाषा आणि ५४४ बोली. हा आकडा कितपत खरा, भाषा कुठे संपते आणि बोली कुठे सुरू होते, यावर शंभर वर्षे वाद चालले आहेत. मला त्या आकड्यापेक्षा त्या एका गोष्टीत जास्त मोल वाटते.

ग्रीअर्सनने ती निवडली ती व्याकरणासाठी. तिच्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामांच्या बहुतेक विभक्ती येतात, वर्तमान, भूत आणि भविष्य हे तिन्ही काळ येतात, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. हिंदुस्थानातल्या लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मूळ मजकुरात थोडे फेरफारही केले. व्याकरणाचा मोठा आवाका असलेली एक छोटी गोष्ट, एवढाच त्याचा हिशेब होता. पण या गोष्टीबरोबर आणखी एक चीज न मागता गावोगाव गेली, आणि तिचे महत्त्व कळायला पुढे शंभर वर्षे लागली.

गोष्ट साधी आहे. एका माणसाला दोन मुलगे असतात. धाकटा आपला वाटा मागून घेतो, परदेशी जाऊन सगळे उडवतो, दुष्काळात उपाशी पडतो. तिथे, डुकरांच्या मागे हिंडताना, तो मनाशी ठरवतो: मी घरी जाईन, बापाला म्हणेन की माझे चुकले, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही, मला चाकरीला ठेवा. मग तो खरोखर जातो, आणि ठरवलेले ते बोलणे बापासमोर बोलू लागतो. ते पुरते व्हायच्या आत बाप नोकरांना हाका मारतो, चांगले कपडे आणा म्हणून सांगतो.

मनात ठरवण्याच्या त्या जागेकडे नीट पाहा. गोष्ट सांगणारा बोलतो आहे. त्याच्या बोलण्यात मुलगा मनाशी बोलतो आहे. मुलाच्या त्या मनातल्या बोलण्यात, उद्या बापासमोर करायचे बोलणे आहे. आणि त्या उद्याच्या बोलण्यात, लोक त्याला काय म्हणतील याचाही उल्लेख आहे. बोलण्याच्या पोटात बोलणे, त्याच्या पोटात आणखी एक. प्रत्येक पायरीवर ‘मी’ कोण हे बदलते किंवा टिकते, काळ बदलतो, तरी ऐकणारे मूलसुद्धा गोंधळत नाही. पुढे तेच वाक्य, ‘बाबा, माझे चुकले,’ पुन्हा येते, पण आता ते तिसऱ्या मजल्यावरून वर आलेले असते. मुलगा ते खरोखर तोंडाने बोलतो. वाक्य तेच, व्याकरण तेच, फक्त खोली वेगळी.

भाषाशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र तिन्ही ज्याला ‘रिकर्शन’ म्हणतात ते नेमके हेच. एखादी रचना स्वतःच्याच जातीची रचना आपल्या पोटात घेऊ शकते. वाक्य बनवण्याच्या नियमात ‘वाक्य’ हाच शब्द पुन्हा येतो. म्हणूनच मोजके नियम आणि मोजके शब्द हाताशी असूनही माणसाला कधीच न बोललेली वाक्ये बोलता येतात, आणि सर्वांत लांब वाक्य असे काही उरत नाही. ग्रीअर्सनला काळ आणि विभक्ती हव्या होत्या. रिकर्शनची चाचणी त्याच्या प्रश्नपत्रिकेत आपोआप शिरली.

चांद्यासारख्या जिल्ह्यात या चाचणीला वेगळा अर्थ येतो, कारण इथे दोन भाषाकुळे एकमेकांच्या अंगणात राहतात. उत्तरेला ब्रह्मपुरी, वरोऱ्याकडे मराठी. पूर्वेकडच्या डोंगरांत, एटापल्ली-भामरागडकडे माडिया. जागोजाग गोंडी. सिरोंचाकडे तेलुगू, तो मुलूख १८७४ पर्यंत अपर गोदावरी नावाच्या वेगळ्या जिल्ह्यात होता आणि मग चांद्याला जोडला गेला. कोरची-कुरखेड्याच्या बाजूला हलबी. शिवाय कोलामी आणि तिच्या नात्यातली नायकी. मराठी आणि हलबी आर्यकुळातल्या, बाकीच्या द्राविडी. एकाच कचेरीतून निघालेले नमुने त्यामुळे दोन वेगवेगळ्या खंडांत जाऊन बसले. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये छापला गेला आणि हलबीलाही त्यातच जागा मिळाली. मुंडा व द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ मध्ये आला. दोन्ही खंडांचे संपादन प्रत्यक्षात केले ते स्टेन कोनो या नॉर्वेच्या विद्वानाने. चांद्याच्या जंगलातली गोष्ट मास्तर-कारकुनांच्या अक्षरांतून, कचेऱ्यांच्या टपालातून एका नॉर्वेजियन माणसाच्या टेबलावर पोचली आणि त्याने ती ओळीखाली ओळ अर्थ लिहून छापायला दिली. हे दोन खंड शेजारी उघडून ठेवले की एकच उधळ्या मुलगा दोन कुळांच्या व्याकरणांतून घरी परततो.

त्या काळच्या सरकारी लिखाणाचा गोंडीविषयीचा सूर ठरलेला असे: लिपी नाही, वाङ्मय नाही, हळूहळू मरत चाललेली बोली. आणि तरीही १८६६ मध्ये सरकारनेच नागपूरहून एक पुस्तक छापले होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बोरीजवळ नदी ओलांडताना बुडून वारले. त्यांचे कागद चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केले. त्यात परधान गायकाकडून ऐकून उतरवलेले लिंगोचे गीत आहे, हजाराला थोड्याच कमी ओळींचे. परधान हे गोंडांचे परंपरेने गायक आणि वंशावळी सांगणारे. देव, लिंगो, कोंडलेले गोंड, त्यांची सुटका आणि कुळांची वाटणी अशी ती कथा, आणि ती संवादांनी भरलेली आहे. एवढा पसारा ज्या भाषेत पाठ म्हणता येतो, ती वाङ्मयाविना आहे असे लिहिणाऱ्यांनी वाङ्मयाची व्याख्या कागदापुरती आखली होती, असेच मी म्हणेन.

आता ‘म्हणणे’ या क्रियापदाकडे वळू, कारण सारा खेळ त्यावर उभा आहे. इंग्रजीत बोलणाऱ्याचे नाव आधी, ‘म्हणाला’ हे क्रियापद लगेच मागून, आणि मग जे म्हटले ते. मराठीतही ‘तो म्हणाला की’ अशी रचना आहे. पण आपली दुसरी, जास्त घरगुती रचना वेगळी चालते. तिच्यात बोलणे आधी येते आणि ‘असे म्हणाला’ किंवा ‘म्हणून’ मागून येऊन ते बंद करते. गोंडी, कोलामी, तेलुगू यांत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते, आणि दुसऱ्याचे बोलणे ‘म्हणणे’ या धातूच्या रूपाने शेवटी बंद करण्याची रीत द्राविडी कुळात फार जुनी आहे. तेलुगूत ‘अनि’ हे काम करते. गोंडीत ‘म्हणणे’ म्हणजे ‘इंदाना’, आणि त्याचीच रूपे या कामाला येतात. संस्कृतातले ‘इति’ याच जागेवर उभे असते. भाषाशास्त्रज्ञ एमेनोने १९५६ मध्ये भारत हे एकच भाषाक्षेत्र कसे आहे हे मांडले, आणि कायपरने १९६७ मध्ये वैदिक ‘इति’ची ही सवय द्राविडी शेजारातून आली असावी असे प्रतिपादन केले. त्या दाव्यावर सगळ्यांचे एकमत नाही. पण शेजारामुळे वाक्यरचना बदलते हे आपल्याकडेच पाहायला मिळाले आहे: सांगली जिल्ह्यातल्या एका गावात कानडी, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांची वाक्ये साच्याने इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होई, असे गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवले.

बोलणे शेवटी बंद करण्याच्या या रीतीत एक अडचण आहे, आणि ती सोडवताना मेंदू काय करतो ते संगणकाने आपल्याला दाखवून दिले. माझेच वाक्य घेऊ: मुलगा, मी घरी जाईन आणि बाबा माझे चुकले असे त्यांना म्हणेन, असे मनाशी म्हणाला. ‘मुलगा’ हा कर्ता पहिल्याच शब्दाला आला आणि त्याचे क्रियापद अगदी शेवटी. मधे दुसरे वाक्य सुरू झाले, त्याच्या मधे तिसरे. तिसरे आधी बंद झाले, मग दुसरे, मग पहिले. म्हणजे ऐकणाऱ्याला दोन अर्धी वाक्ये राखून ठेवावी लागतात आणि उलट्या क्रमाने पुरी करावी लागतात. उलट ‘तो म्हणाला की मी जाईन आणि म्हणेन की माझे चुकले’ या रचनेत मागे काहीच उघडे राहत नाही. प्रत्येक टप्पा आधीचा संपवूनच पुढे जातो.

संगणकाचे पहिले अभियंते याच प्रश्नाशी झगडत होते. गणिती सूत्रात कंसात कंस येतो तेव्हा आतले पुरे होईपर्यंत बाहेरचे कुठे ठेवायचे? फ्रिड्रिख बाउअर आणि क्लाउस सामेलझोन या जर्मन गणितज्ञांनी १९५७ मध्ये त्यासाठी तळघराच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत मांडून पेटंटसाठी अर्ज केला. आज तिला स्टॅक म्हणतात, आणि मराठीत ‘चळत’ हा शब्द त्याला चपखल बसतो: नाण्यांच्या चळतीत शेवटी ठेवलेले नाणे आधी उचलावे लागते. १९६० मध्ये एड्सगर डाइक्स्ट्राने दाखवले की एखादी आज्ञावली स्वतःलाच हाक मारत असेल तर प्रत्येक हाकेचे अर्धे राहिलेले काम चळतीवर ठेवायचे, मग कितीही खोल गेले तरी यंत्राची वाट चुकत नाही. त्याच वर्षी जॉन मॅकार्थीची लिस्प ही भाषा प्रसिद्ध झाली, आणि ती तर सगळीच रिकर्शनवर उभी आहे. तोपर्यंत स्वतःला हाक मारणारी आज्ञावली ही चैन आहे, व्यवहारात तिचे काम नाही, असे समजणारे पुष्कळ होते. चळत सापडली आणि ते म्हणणे मागे पडले.

संगणकवाले आणखी एक फरक करतात. आज्ञावलीची स्वतःला मारलेली हाक हेच तिचे शेवटचे काम असेल, तर मागे राखायला काही उरत नाही आणि चळत वाढत नाही. त्याला ते शेपटीचे रिकर्शन म्हणतात. ‘म्हणाला की’ची रचना त्या जातीची. ‘असे म्हणून’ची रचना मात्र मध्यात घर करणारी, चळत मागणारी. चळत मागणारे रिकर्शन हेच खरे कसोटीचे. माणसाची स्मृती तोकडी असल्याने तीन-चार थरांच्या पलीकडे आपण अडखळतो, मराठी असो वा गोंडी. पण नियम थांबत नाही, थांबते ती आपली दमछाक. जंगलातल्या ज्या माणसांना ‘अक्षरशून्य’ म्हणून नोंदले गेले, त्यांच्या रोजच्या बोलण्याचे व्याकरण ही अवघड जात बाळगून होते.

व्हिक्टोरियन काळात भाषा जोखण्याची एक आवडती पट्टी आकड्यांची होती. ज्यांना फार पुढे मोजण्याचे शब्द नाहीत ते विचारात मागे, असा सरळ निष्कर्ष काढला जाई. गोंडीत उंदी, रंड, मुंड, नालुंग असे स्वतःचे शब्द सातापर्यंत सर्वत्र टिकले आहेत, त्यापुढचे आकडे बहुतेक ठिकाणी मराठी-हिंदीतून येतात. या पट्टीने गोंडी लहान ठरते. पण ‘हजार’ आपण फारसीतून घेतला, म्हणून कोणी मराठी माणसाला नऊशे नव्याण्णवच्या पुढे विचार करता येत नाही असे म्हणत नाही. आकड्यांचे शब्द बाजारात उसने मिळतात. जे उसने मिळत नाही ते वेगळे आहे, आणि ते गणितज्ञांनी नेमक्या याच दशकांत शोधून काढले. १८८८ मध्ये रिखार्ड डेडेकिंड आणि १८८९ मध्ये ज्युसेप्पे पेआनो यांनी संख्या म्हणजे काय याचे उत्तर दिले: एक आरंभ, आणि कोणत्याही संख्येनंतरची पुढची संख्या देणारा एक नियम. बेरीज, गुणाकार हे सारे त्या ‘पुढची’वरून, स्वतःचाच आधार घेत, व्याख्येत बसवता येते. १९३१ मध्ये कुर्ट ग्योडेलने याच साधनांनी गणिताच्या मर्यादा सिद्ध केल्या, आणि १९३६ च्या आसपास चर्च, क्लीन आणि ट्युरिंग यांनी यंत्राला काय काढता येईल याची सीमा त्यावरूनच आखली. सातापर्यंतचे शब्द असोत की हजारापर्यंतचे, ‘आणखी एक’ हे ज्याला कळते त्याच्याकडे संख्येचे यंत्र आहे.

आपल्याकडे या विचाराची वाट जुनी आहे. खानदेशात पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे, त्यांचा नातू चांगदेव याने कोरवलेला. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त मांडलेली चक्रवाल पद्धत अशी चालते की एका फेरीचे उत्तर पुढच्या फेरीचा प्रश्न होते. कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो, या प्रश्नाचे सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० चा वर्ग. फेऱ्या मारत गेले की ते कागदावर हाताने सापडते. यातली खुबी फेऱ्यांमध्ये जेवढी आहे तेवढीच थांबण्यात आहे. कधी थांबायचे हे ठरलेले नसेल तर ती पद्धत नव्हे, नुसती भोवळ. गोष्टीतल्या मुलाचे बोलणेही शेवटी ‘असे म्हणाला’ला येऊन थांबते.

२००२ मध्ये मार्क हाउझर, नोम चॉम्स्की आणि टेकम्से फिच यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. माणसाच्या भाषेत पशुपक्ष्यांकडे नसलेले असे काही असेल तर ते बहुधा रिकर्शनच, असे त्यांचे म्हणणे होते. तीन वर्षांनी डॅनियल एव्हरेट यांनी ॲमेझॉनच्या जंगलातल्या पिरहा लोकांच्या भाषेत ते नाही असा दावा केला आणि भाषाशास्त्रात वादळ उठले. २००९ मध्ये नेव्हिन्स, पेसेट्स्की आणि रोड्रिगेस यांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. वाद आजही मिटलेला नाही. त्याच्या तपशिलात शिरले की जाणवते, सगळे घोडे अडले आहे ते पुन्हा ‘म्हणणे’पाशीच. पिरहा माणूस ‘मी म्हणालो, तो जाणार’ अशा अर्थाचे काही बोलतो तेव्हा एक वाक्य दुसऱ्याच्या पोटात असते, की दोन वाक्ये नुसती शेजारी ठेवलेली असतात? शेजारी ठेवलेल्या वाक्यांत हे ठरवणे खरोखर कठीण आहे. पण कर्ता आधी, त्याचे क्रियापद शेवटी आणि मधे आख्खे वाक्य, अशी रचना समोर आली की शेजाराचा युक्तिवाद टिकत नाही. मधले वाक्य पोटातच असते. आपल्या भाषांना हा पुरावा देण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. ॲमेझॉनबद्दलचा वाद जगभर गाजला, आणि चौथा व सातवा खंड ग्रंथालयांच्या फडताळांत राहिले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ग्रीअर्सनच्या पाहणीलाही एक हद्द होती, आणि ती चांद्याच्या अगदी अंगणातून जात होती. मद्रास इलाखा, हैदराबाद आणि म्हैसूर ही संस्थाने पाहणीत धरलीच नव्हती. वर्धा नदीच्या आणि पुढे प्राणहितेच्या पलीकडचा काठ निजामाचा. त्यामुळे बल्लारपूरच्या बाजूचा गोंड या पाहणीच्या आवाक्यात आला, आणि नदी ओलांडून राजुऱ्याला राहणारा त्याचा सोयरा बाहेर राहिला. आज चंद्रपूर जिल्ह्यात मोडणारे राजुरा, कोरपना, जिवती हे सारे तेव्हा आदिलाबादकडे होते. राजुरा १९५६ मध्ये नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. माणिकगडच्या डोंगरातल्या कोलामांची आणि गोंडांची उधळ्या मुलाची गोष्ट त्यामुळे कोणी लिहून घेतली नाही.

ती पोकळी भरली वेगळ्या कारणाने. १९४० मध्ये आदिलाबादच्या जोडेघाटला कुमरम भीमू याच्या नेतृत्वाखालचा गोंडांचा उठाव निजामाच्या पोलिसांनी चिरडला. मग सरकारने ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना तिकडे पाठवले. त्यांच्या आग्रहाने १९४३ पासून मार्लवाईला गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र चालले आणि गोंडीत, देवनागरी लिपीत वाचनपुस्तके तयार झाली. याच काळात हैदराबाद संस्थानातले एक मराठी अधिकारी गोंडी शिकले. महाराष्ट्र त्यांना शिवकालाचे आणि मोगल कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून ओळखतो: सेतुमाधवराव पगडी, जन्म १९१०, निलंग्याचे. फारसीवरची त्यांची पकड सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी १९५० मध्ये कोलामीचे आणि १९५४ मध्ये गोंडीचे व्याकरण प्रसिद्ध केले, हे मात्र फार थोड्यांना. कारभारासाठी लागणाऱ्या चार वाक्यांवर न थांबता त्यांनी भाषेचा सांगाडा मांडला, ही माझ्या मते त्यांच्या इतिहासलेखनाइतकीच मोठी कामगिरी आहे, आणि मराठी अभ्यासकांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

नंतरची दोन दशके या बाबतीत समृद्ध होती. एमेनोचे वर्ध्याकडच्या कोलामीवरचे पुस्तक १९५५ चे. बरो आणि सुधीभूषण भट्टाचार्य यांनी १९६० मध्ये गोंडीच्या बोलींची तौलनिक शब्दसूची काढली. भट्टाचार्यांनी पुढच्याच वर्षी ‘चांद्याची नायकी’ या विषयावर लेख लिहिला. कोलामीच्या नात्यातली पण वेगळी अशी ही भाषा, आणि भाषाशास्त्राच्या पुस्तकांत तिच्या नावापुढे आजही कंसात ‘चांदा’ लिहिलेले असते. जिल्ह्याने जुने नाव टाकले, भाषेने ते जपून ठेवले. पी. एस. सुब्रह्मण्यम यांचे गोंडीचे वर्णनात्मक व्याकरण १९६८ चे. त्यानंतर नागपूरला मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा, संस्कृती आणि लिपी यांवर आयुष्यभर लिहिले.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते, अनेक राज्यांत विखुरलेले. प्रत्येक राज्यात शाळेची भाषा वेगळी, त्यामुळे गोंडीवर कुठे मराठीचा, कुठे हिंदीचा, कुठे तेलुगूचा रंग चढतो. हे अंतर कमी करण्यासाठी सीजीनेट स्वर या संस्थेच्या पुढाकाराने २०१४ पासून निरनिराळ्या राज्यांतले गोंडी भाषक एकत्र बसून सामाईक शब्दकोश करू लागले. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये घडवलेली मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या जुन्या हस्तलिखितांची गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सीजीनेटबरोबर गोंडीच्या यंत्र-अनुवादाचे काम हाती घेतले. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

या सगळ्यात मला एक काळजी आहे. ग्रीअर्सनच्या तीन नमुन्यांपैकी आज आपण पुन्हा तिसऱ्याच्या मागे लागलो आहोत. कोश, शब्दसूची, सुटी वाक्ये, मोबाइलवर भाषांतरासाठी दाखवली जाणारी चार-पाच शब्दांची वाक्ये. ती लागतातच, त्याशिवाय शाळेचे पुस्तक होत नाही आणि यंत्रही शिकत नाही. पण ‘आज पाऊस आला’, ‘तुमचे नाव काय’ अशा वाक्यांत भाषा कधीच तिसऱ्या थरापर्यंत उतरत नाही. असल्या वाक्यांवर शिकलेल्या यंत्राला गोंडी शब्द येतील. कोण कोणाला काय म्हणाला आणि त्याने पुढे कोणाला काय सांगायचे ठरवले, हे मात्र त्याला उलगडणार नाही. ते उलगडते परधानाच्या कथेत, ग्रामसभेतल्या लांब वादात, आजीने सांगितलेल्या लग्नाच्या बोलणीत, जिथे ‘असे म्हणून’ एकामागून एक बंद होत जातात. भामरागडकडे अशी कथा अजूनही रात्रभर चालते. ती सलग, न तोडता, बोलणाऱ्याच्या परवानगीने आणि त्याच्या गावाच्या ताब्यात राहील अशा रीतीने ध्वनिमुद्रित करायची, गोंडी जाणणाऱ्या मुलामुलींकडून ओळखाली ओळ अर्थ लिहून घ्यायची, हे काम गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला आणि चंद्रपूरच्या महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे. साधने खिशात आहेत, भाषक वर्गात बसलेले आहेत. दुसऱ्या नमुन्यापासून सुरुवात करावी.